बेटावरच्या माळ्याचा बांध

"पायातलं काढ! आधी पायातलं काढ म्हणतोय न्हवं! मळ्यात पायताण घालून येतोस व्हय रं?"

ओरडत होते ते माझे वडील, आप्पा. कृष्णेच्या मोठ्या पुरात, छातीभर गढूळ पाण्यात उभे, डोक्यावरची टोपी मात्र कोरडी. ज्याच्यावर ओरडत होते तो बचावाच्या होडीतला माणूस गुडघ्यापर्यंत गमबूट घालून इंजिनापाशी उभा होता आणि आपण नक्की काय काढायचं आहे हे त्याला कळत नव्हतं. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत पाणी. मधेच एखाद्या विजेच्या खांबाचं डोकं, एखादं पत्र्याचं छप्पर, आणि आप्पांच्या मागं शेवग्याचे हिरवे शेंडे, कुणी ओळीनं खराटे उलटे रोवून ठेवावेत तसे.

"पावणं, मळा कुठं हाय हितं?" होडीवाला म्हणाला. "समदा समिंदर झालाय की."

"तुझ्या पायाखाली हाय. वेलावर उभा हाईस तू."

मी त्या होडीत होतो. माझ्याही पायात चपला होत्या. शपथेवर सांगतो, त्या पुरात, त्या हेलकावणाऱ्या होडीत, मी गुपचूप चपला काढल्या आणि मांडीवर घेऊन बसलो.

आप्पा उभे होते तो मळ्याचा बांध, म्हणून त्यांना पाणी छातीला. बांधाच्या आत हत्ती उभा केला असता तर त्याला सोंड वर करून श्वास घ्यावा लागला असता. होडीवाल्यानं हात पुढं केला. "चला वर, आजोबा. पाणी चढतंय."

"दोन हात राहिलंय. तुम्ही व्हा म्होरं, मी येतो मागनं."

"मागनं कशात येणार? पवत?"

"व्हय."

आप्पांना पोहता येत नव्हतं. नदीकाठाला जन्म काढून पोहायला न शिकलेला सबंध शिरोळ तालुक्यातला तो एकटाच माणूस असावा. म्हणायचे, ज्याला मळा हाय त्यानं नदीत कशाला जायचं, नदीच येती की भेटायला. मी वाकलो, त्यांच्या काखेत हात घातले आणि होडीवाल्याच्या मदतीनं त्यांना पोत्यासारखं ओढून आत घेतलं. त्यांच्या हातात पहार होती. रबराची होडी फाटेल म्हणून ती मी हिसकावून घेतली आणि पाण्यात टाकून दिली. बुडूक असा आवाज झाला.

आप्पांनी त्या आवाजाच्या जागेकडं बघितलं. मग माझ्या उघड्या पायांकडं बघितलं.

आमच्या जागेला सगळे बेट म्हणायचे. नकाशात तसं काही नाही. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला ओढा, आणि मधे कासवाच्या पाठीसारखा काळ्या मातीचा उंचवटा. आठ महिने ते साधं शेत. पावसाळ्यात ओढा फुगला की खरंखुरं बेट. त्या पाठीवर आमचं दोन खणांचं घर आणि अर्ध्या एकरात पानमळा, विड्याच्या कपुरी पानांचा.

आमचं पान किती मोठं असायचं म्हणून सांगू? एका पानाखाली जेवणाचं ताट झाकलं जायचं आणि वर वाटीही मावायची. मी सांगतोय म्हणून निम्मं धरा. निम्मंही खूप होतं. बाहेर वैशाखाचं ऊन माणसाला पापडासारखं भाजत असताना मळ्यात शिरलं की अंगावर शिरशिरी यायची. शेवगा, हदगा, पांगारा यांच्या ओळी, प्रत्येक झाडावर लव्हाळ्याच्या पातीनं बांधत बांधत चढवलेला वेल, आणि खाली पाटाचं पाणी मुंगीच्या चालीनं. आत मोठ्यानं बोलायचं नाही, थुंकायचं नाही, अंघोळ केल्याशिवाय यायचं नाही आणि पायताण तर बांधाच्या बाहेर. तालुक्याचा मोठा पुढारी एकदा मळा बघायला आला, तर आप्पांनी त्याला बूट-मोजे काढून, पाय धुऊन आत घेतलं. पुढाऱ्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, हे मी पुढची दहा वर्षं गावभर सांगत होतो. दर वर्षी भोक थोडं मोठं व्हायचं.

मळ्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उतरण. उन्हाळ्याच्या तोंडाला पुरुषभर उंचीच्या वर गेलेला वेल झाडावरनं सोडवायचा, लहान पोर उचलावं तसा खाली घ्यायचा, बुंध्याशी त्याची गुंडाळी करायची आणि मातीत पुरायची. फक्त शेंडा वर ठेवायचा. तो शेंडा पुन्हा झाडावर चढतो. म्हणजे वर दिसतो तो यंदाचा वेल, त्याच्याखाली गेल्या सालचा, त्याच्याखाली त्याच्या आधीचा. आप्पा जमिनीवर तळवा टेकवून म्हणायचे, "हितं खाली माझ्या बाच्या हातचा वेल हाय. त्याच्याखाली त्याच्या बाच्या. मी वरनं फक्त शेंडा सांभाळतोय." ते खरं असेल का, इतका जुना वेल मातीत टिकतो का, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात फुगवून सांगण्याची मक्तेदारी माझी होती. आप्पा मोजकंच बोलायचे, त्यामुळं त्यांचं खरं धरायची रीत होती.

शेजारच्याचा ऊस होता. शेजारचा म्हणजे ओढ्याच्या काठचा, आप्पांच्या वयाचा, जाड मिशीचा, दिवसातनं दोनदा बांधावर येऊन तंबाखू मळणारा. ऊस म्हटलं की आप्पा नाक मुरडायचे.

"आळशाचं पीक," ते त्याच्या तोंडावर म्हणायचे. "लावला आणि झोपला."

"आणि तुमचं काय ओ, आप्पा? बाळंतिणीसारखं रोज शेकायचं, धुवायचं. मरणाचं जोखीम."

"तुझा ऊस पाण्यात झोपतोय आन् कारखान्यात उठतोय. त्याला काय कळतंय कोण आलं, कोण गेलं?"

"म्हणून तर बरा हाय की!"

दोघं हसायचे. असं वीस-पंचवीस वर्षं चाललं होतं.

पुराची आम्हाला नवलाई नव्हती. तिकडं गगनबावड्याला आभाळ फाटलं की तीन-चार दिवसांत इकडं कृष्णा जड व्हायची. त्याची एक रीत बसलेली होती. मळ्याभोवती गुडघाभर मातीचा बांध असायचा, आणि बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, बैलांच्या शिंगांचा रंग वाळायच्या आत, आप्पा नदीकडच्या खालच्या अंगाला तो बांध चार हात फोडायचे. त्याला खालची वाट म्हणायचे. पाणी आलंच तर त्या वाटेनं हळू आत यायचं, आणि वसरायला लागलं की त्याच वाटेनं निघून जायचं. एक दिवस, फार तर दोन. वेल ओल सोसतो, पण उभं पाणी सोसत नाही. तीन-चार दिवस मुळाशी पाणी थांबलं की मूळ कुजलंच. आव्वा, म्हणजे माझी आई, त्या वाटेवर खण-नारळानं नदीची ओटी भरायची आणि म्हणायची, "ये बाई, आन् जा बाई." आल्याचं तिला दुःख नसायचं. जाण्याची काळजी असायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्हाला पुराच्या जोडीला आणखी एक पाहुणा मिळाला. वारणेकडनं, कोयनेकडनं भूकंपाचे धक्के बसायला लागले. मांडणीवरच्या पितळी डब्यांनी आपोआप झांजा वाजवायच्या आणि आव्वानं भाकरी तव्यावर टाकून अंगणात पळायचं. विहिरीच्या कठड्याला तडा गेला. मी तेव्हा कोल्हापूरला कॉलेजात भूगोल शिकत होतो आणि शनिवारी एसटीनं घरी येताना ज्ञानाचं गाठोडं आणत होतो. एका शनिवारी मी जाहीर केलं, "आप्पा, आपण ज्वालामुखीवर राहतोय. ही काळी माती म्हणजे थंड झालेला लाव्हा हाय."

आप्पा लव्हाळा भिजवत होते. "कवा फुटणार हाय?"

"फुटून गेला. लई वर्षं झाली."

"मग आता सांगून काय उपेग? वर्दी उशिरा आणलीस."

दुसऱ्याच दिवशी दुपारी धक्का बसला. आप्पा अंगणात उभं राहून, हलणाऱ्या शेवग्याकडं बघत मला म्हणाले, "निवलाय म्हणालास की तू?"

तर अशा घरात मी एक माणूस जन्माला घातला.

झालं असं की आमच्या सरांनी वर्गात एका दूरच्या बेटाचं चित्र दाखवलं. भर समुद्रात धुमसणारा डोंगर आणि त्याच्या उतारावर हिरवीगार बाग. सर दोनच वाक्यं बोलले: राखेची माती फार कसदार असते, आणि तिथं दर वर्षी चक्रीवादळं येतात. तास संपला. बाकीचं सगळं मी हातकणंगल्याच्या पुढं एसटीत, खिडकीच्या गजाला डोकं टेकून तयार केलं.

त्या बेटावर एक माळी राहतो, मी घरी सांगितलं. वय आप्पांएवढं. बायको कमी बोलते. मागं डोंगर गुरगुरतोय, पुढं समुद्र डोकं आपटतोय, वरनं वादळ येऊन झाडं केसासारखी पिंजतंय, आणि हा गडी मधे बाग राखतोय. सकाळी उठून पानांवरची राख फडक्यानं पुसतो. एकेक पान.

"पान पिकतंय का तिथं? खायचं?" आप्पांनी विचारलं.

"पिकतंय की!" मला काय माहीत? "पण आपल्यासारखं न्हाय. जरा तिखाट."

"राखंमुळं आसंल." आप्पांनी मान हलवली. "आन् मळ्यात पायताण घालतोय का?"

"छे! अनवाणी."

"मग माणूस चांगला हाय."

झालं. त्या दिवसापासनं तो माळी आमच्या घरचा झाला. शनिवारी मी पिशवी टेकवायच्या आत आप्पा विचारायचे, "काय म्हणतोय तुझा बेटावरला?" वळवाच्या वाऱ्यानं आमचा हदगा मोडला की म्हणायचे, "त्याचं तर काय हाल झालं आसत्याल." मला मजा वाटायची. दर आठवड्याला मी त्याला नवं संकट द्यायचो आणि दर आठवड्याला तो त्यातनं सुटायचा. माझ्या आयुष्यात इतकं मन लावून माझं ऐकणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. आव्वा चुलीपुढनं एवढंच म्हणायची, "त्या माणसाला एखादा दिवस तरी बसू दे की रं निवांत."

मग एका पावसाळ्यात पाणी नेहमीपेक्षा दीड दिवस जास्त थांबलं आणि नदीकडच्या दोन ओळी कुजल्या. दोन ओळी म्हणजे लोकांच्या हिशेबी काही नाही. आप्पा तीन दिवस त्या ओळींच्या मधे बसून होते. जेवायला हाक मारली तर उठायचे, जेवायचे, परत जाऊन बसायचे. वाळलेला वेल त्यांनी झाडांवरनं सोडवलासुद्धा नाही.

मला ते बघवेना. माझ्याकडं दुसरं औषध नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि सांगायला लागलो की बेटावरच्या माळ्याची अर्धी बाग एकदा अशीच समुद्रानं नेली. मग त्यानं काय केलं, तर डोंगरातनं फुटून आलेला काळा दगड गोळा केला आणि बागेभोवती भिंत घातली. छातीएवढी. कुठंही फट न्हाय. समुद्र आला, भिंतीला टेकला, परत गेला. आग वाहत आली, ती वळसा घालून गेली.

आप्पांनी पहिल्यांदा वर बघितलं. "फट न्हाय म्हणतोस?"

"बोटभर न्हाय."

"मग आत आलेलं पाणी जातंय कुठनं?"

आयुष्यभरात मला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत तो एकच प्रश्न नेमका होता. आणि मी, तोंडाचा पट्टा चालवणारा, एक क्षणही न थांबता म्हणालो, "आत येतच न्हाय, तर जाणार कुठलं?"

आप्पांनी मांडीवरची माती झटकली. मग उठले आणि जेवायला बसले. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मला वाटलं, जिंकलो.

पुढचे दोन उन्हाळे बांधाचं काम चाललं. विहीर खोदताना निघालेला काळा दगड घराच्या मागं ढीग करून पडला होता, तो संपला. मग ओढ्यातला आणला. आत चोपून चोपून काळी माती, बाहेरनं दगडाची बांधणी, छातीपर्यंत उंची. मळ्यात जायला रस्त्याच्या अंगाला बांधावरनं चढून उतरायच्या पायऱ्या. आणि शेवटी आप्पांनी खालची वाट बुजवली. तिथं सगळ्यात मोठे दगड बसवले, दोन गडी लागतील असे, सांध्यात चिखल ठेचून.

शेजारचा बांधावर तंबाखू मळत उभा होता. "आप्पा, सगळं करा, पर ती वाट ठेवा. नदी आत आली तर तिला जायाला दार नको?"

"येतीच कशाला ती?"

"आली तर?"

"तिकडं एका बेटावर," आप्पा म्हणाले, "समुद्र आडवलाय एका माणसानं. समुद्र! आन् तू मला कृष्णेचं सांगतोयस."

शेजारच्यानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

आणि बांध चालला, ही त्यातली वाईट गोष्ट. सात-आठ पावसाळे तो चालला. कृष्णा यायची, बांधाला कमरेपर्यंत टेकायची आणि निघून जायची. आत पाट कोरडे, वेल हिरवेगार. लांबलांबचे पानमळेवाले बघायला यायचे. आप्पा त्यांना पायऱ्यांवर चपला काढायला लावायचे आणि बांधावर उभं करून बेटावरच्या माळ्याची सगळी गोष्ट सांगायचे, माझ्यापेक्षा चांगली. त्यांनी त्यात भरही घातली होती. त्यांच्या गोष्टीत माळ्याला एक मुलगा होता, शिकायला गेलेला.

मला कोल्हापुरात शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, शनिवारचं येणं महिन्यावर गेलं. एकदा, कधीतरी, सांगून टाकावं असं मनात आलं होतं. पण आप्पा बांधावरनं फिरताना बघितले की वाटायचं, राहू दे. गोष्ट खोटी असली तरी बांध तर खरा आहे.

मग मोठा पूर आला. रेडिओ सांगत होता, गगनबावडा, राधानगरी, चंदगड, सगळीकडं धो धो. मी आव्वाला आणि आप्पांना न्यायला निघालो तोवर रस्ता गेला होता. शिरोळकडं जाणाऱ्या बचावाच्या होडीत हातापाया पडून जागा मिळवली. गावच्या शाळेच्या माडीवर आव्वा सापडली. म्हणाली, "ते मळ्यात गेल्यात, पहाटंपासनं." मग ते सगळं झालं जे सुरुवातीला सांगितलं: छातीभर पाणी, गमबूट, पहार, बुडूक.

कोल्हापुरात माझ्या दोन खोल्यांत ते दोघं राहिले. शहराच्या खालच्या पेठांतही पाणी शिरलेलं, दूध नाही, वीज नाही. आप्पा खिडकीपाशी बसून असायचे. रोज सकाळी एकच प्रश्न, "रस्ता सुरू झाला का?" मी सांगायचो, न्हाय. मला वाटलं, घरची आठवण येते आहे. मी त्यांना रिझवायला गेलो. तोंडाला सवय ती. म्हणालो, "आप्पा, बेटावरच्या माळ्याकडं यंदा..."

"असू दे," आप्पा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी आव्वाला स्वयंपाकघरात विचारलं, "ते सारखं दोन हात राहिलंय, दोन हात राहिलंय म्हणत होते, ते काय गं?"

आव्वा तांदूळ निवडत होती. "खालची वाट फोडाय गेलते. पाणी बांधावरनं आत पडलं, तवाच त्यांच्या ध्यानात आलं. पूर वसरला तरी आतलं कसं वसरणार? तीन हात उंचीतलं हातभर दगड काढलंतं वरनं. बुडाचं दोन हात राहिलंतं."

"मग मला सांगायचं न्हाय का? होडीत सांगायचं!"

"पहार तर तू टाकलीस पाण्यात," आव्वा म्हणाली. "मग काय सांगायचं?"

मी शेजारच्याला निरोप द्यायचा प्रयत्न केला. फोन मेलेले होते, आणि तोही कुणाकडं तरी लांब नातेवाइकांत गेलेला. सगळं गाव रिकामं. बेटावर कुणीच नव्हतं. बारा दिवस मी मोजत होतो आणि आप्पा मोजत होते, आणि दोघंही एकमेकांना दाखवत नव्हतो. तीन दिवस झाले. चार झाले. पाचव्या दिवसानंतर आप्पांनी रस्त्याचं विचारणं बंद केलं.

तेराव्या दिवशी आम्ही गेलो. कृष्णा आपल्या पात्रात गेलेली, जणू तिनं काही केलंच नाही. शेजारचा ऊस चिखलानं माखून आडवा झालेला, पण शेंड्याचे पोंगे हिरवे होते. वास सगळीकडं सारखाच. आणि कासवाच्या पाठीवर आमचा मळा: चौकोनी तळं. बुडाशी राहिलेल्या दगडांनी अडवलेलं, कमरेभर, शांत. वर शेवाळाची साय धरलेली. शेवग्याची पानं झडून त्यावर तरंगत होती आणि बेडूक इतके ओरडत होते की कुणाचं लग्न आहे असं वाटावं. त्या बांधानं एक थेंब गळू दिला नव्हता. इतका चांगला बांध आमच्या तालुक्यात कुणी बांधला नसेल. यात मी काडीचंही वाढवून सांगत नाही.

आप्पांनी पायऱ्यांपाशी चपला काढल्या. पाण्यापुढं.

शेजारचा पहार घेऊन आला, मीही एक मागून आणली. दोन हात दगड काढायला तासभरसुद्धा लागला नाही. पाणी खळाळत गेलं. संध्याकाळपर्यंत वाफे उघडे पडले, आणि त्यांच्यावर पडलेले वेल, काळे, उकडलेल्या भाजीसारखे मऊ. हात लावला की साल बोटाला यायची. मी शेजारच्याच्या तोंडाकडं बघत होतो, आता म्हणेल, सांगितलं होतं. तो काही म्हणाला नाही. तंबाखूसुद्धा मळली नाही त्यानं. मळा गेला हे मला तेव्हा पुरतं कळलं.

मी आप्पांना म्हणालो, बेणं आणू. दुसऱ्या मळ्यांतनं कांड्या मिळतील, शेवगा परत लावू, तीन वर्षांत उभा राहील. रजा काढतो. आव्वाही म्हणाली, आणू या. आप्पांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दिवाळीपर्यंत माती वाळली. मग ते कुदळ घेऊन एकटेच खणायला लागले.

खणताना गुंडाळ्या निघाल्या. आधी गेल्या उतरणीची, मग तिच्या आधीची, तिच्याखाली आणखी. हात-दीड हात खोल, एकावर एक, चुंबळीसारख्या, सगळ्या कुजून काळ्या झालेल्या. इतका जुना वेल मातीत टिकतो का, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता समोरच होतं. टिकला होता, त्या पावसाळ्यापर्यंत. आप्पा एकेक गुंडाळी दोन्ही हातांनी उचलून बांधावर ठेवत होते. खालच्या थराच्या गुंडाळ्या ठेवताना हात जरा सावकाश व्हायचे. दोन दिवसांत बांधावर चारी बाजूंनी रांग झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "शेजारच्याला उसाचं बेणं सांगून ठेव."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "उसाचं?"

"व्हय."

आणि ते पायऱ्या चढले, बांधावर क्षणभरही थांबले नाहीत, आणि चपला घालून मळ्यात उतरले. चपला पायातच. चपलांचे ठसे वाफ्यावर, मऊ मातीत, एकापाठोपाठ एक उमटत गेले. सरी किती अंतरावर पाडायची ते ते पावलांनी मोजत होते.

मी पायऱ्यांवर उभा होतो. माझ्या चपला हातात होत्या; त्या घालायच्या की खाली ठेवायच्या, मला कळेना. तसाच अनवाणी उतरलो आणि त्यांच्या मागं गेलो.

"आप्पा."

ते मोजत होते.

"आप्पा, त्यो बेटावरला माळी. असलं कोण न्हवतं. सरांनी नुसतं चित्र दाखवलंतं. माळी, भिंत, सगळं मी एसटीत रचलंतं. तुम्ही बसून राहिलासा म्हणून भिंतीचं सांगितलं मी. फट न्हाय हे मीच म्हणालो. ते खरं न्हवतं."

आप्पा थांबले. पाऊल जिथं होतं तिथंच ठेवलं, मोजणी चुकू नये म्हणून. माझ्याकडं बघितलं नाही. बांधावरच्या रांगेकडंही नाही. पुढच्या पावलाची जागा बघत होते.

"बेण्याचं सांगितलंस का?" ते म्हणाले.